थकलेल्या देहाला शेक : विश्रामबागेतील एका स्वेदन केंद्राचा जमाखर्च

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका पंचकर्म केंद्रात मी गेल्या हिवाळ्यात स्वेदनाच्या, म्हणजे वाफ किंवा शेक देऊन घाम आणण्याच्या आयुर्वेदिक उपचाराच्या, अकरा सिटिंग घेतल्या. पैसे चौदांचे भरले होते. उरलेल्या तीन का बुडाल्या, ते पुढे येईलच. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या तेथील व्यवस्थेबद्दल आहेत, हाताने काम करणाऱ्या माणसांबद्दल नाहीत. क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्या माणसाने शेक, वाफ, स्वेदन यांच्या वाटेला जावे की नाही, आणि गेल्यास कोणत्या बेताने जावे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. सांधे धरलेल्या किंवा कंबर आखडलेल्या, पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाचा अनुभव याहून पुष्कळ चांगला असेल, याबद्दल मला शंका नाही.

आधी आजाराबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण ‘थकवा’ या शब्दानेच निम्मा गैरसमज होतो. मी मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात अठरा वर्षे दिवाणजी होतो. चार वर्षांपूर्वी डेंग्यू झाला. ताप आठवड्यात उतरला, पण ताकद परत आली नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ अशा सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्यांचे अहवाल बरे आले. या आजाराची नेमकी अशी रक्ताची चाचणीच नाही, हे मिरजेच्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावून सांगितले, तोवर दीड वर्ष उलटले होते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली या आजाराचे निकष मांडले. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली आणि कामाची क्षमता घटवणारी थकावट, श्रमानंतर प्रकृती ढासळणे आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे ही तीन लक्षणे त्यांत अनिवार्य आहेत, आणि त्यांच्या जोडीला बुद्धीला मांद्य येणे किंवा उभे राहिल्यावर त्रास होणे यांपैकी निदान एक तरी असावे लागते. यांतील दुसरे लक्षण सर्वांत फसवे आहे. सकाळी हरभट रोडवर जाऊन दोन दुकाने फिरून आलो, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंगातून हवा काढून घेतल्यासारखे होते आणि दाढी करायला हात वर उचलवत नाही. दिवाणजीच्या भाषेत सांगायचे, तर आज उचल करावी आणि परवा व्याजासकट वसुली यावी, असा हा व्यवहार आहे. म्हणून कोणताही उपचार घेतला, की त्याच संध्याकाळी कसे वाटले याला माझ्या लेखी काही किंमत नाही. मी पुढच्या तीन दिवसांची नोंद करतो.

शेकाकडे मी वळलो तो पोटऱ्यांच्या दुखण्यामुळे आणि थंड पडणाऱ्या हातापायांमुळे. शेक आपल्याकडे परका नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, शेपा आणि वावडिंगाची धुरी देणाऱ्या घरांत आपण वाढलो. ‘दोन दिवस शेक घे, रक्त मोकळे होईल,’ हे माझ्या आईचे वाक्य कोणत्याही दुखण्यावर लागू पडत असे. विश्रामबागेतील हे केंद्र शोधून काढले ते माझ्या वहिनींनी. त्यांच्या गुडघ्यांना तेथे उतार पडला होता.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. अठरा पायऱ्या आहेत, मध्ये एक वळण आहे आणि कोठेही बसण्याची सोय नाही. निरोगी माणसाला हे लिहिण्यासारखे वाटणार नाही, परंतु गावभागातून रिक्षाने विश्रामबाग, मग अठरा पायऱ्या, मग कपडे बदलणे, एवढ्यातच माझे त्या दिवसाचे निम्मे भांडवल संपत असे. वळणावर एखादी खुर्ची ठेवावी, असे मी पहिल्याच दिवशी सुचवले. ‘सांगते सरांना,’ असे उत्तर मिळाले. आत गेल्यावर कापराचा वास, छताला लावलेल्या ट्यूब आणि सतत चालू असलेला मंत्रांचा स्पीकर. प्रकाश आणि आवाज यांनी या आजाराचे रुग्ण लवकर शिणतात. स्पीकर बंद करण्याची विनंती मात्र तत्काळ मानली गेली, आणि पुढच्या प्रत्येक वेळी मी दारात दिसताच तो न सांगता बंद होत असे. एवढी आठवण मोठमोठ्या ठिकाणीही कोणी ठेवत नाही.

तपासणाऱ्या वैद्यबाई तरुण आहेत आणि ऐकून घेतात. त्यांनी पाऊण तास दिला, नाडी पाहिली, झोप, भूक, पोट, जुने आजार असे सगळे विचारले आणि मग आजाराचे नाव ऐकून काही वेळ गप्प राहिल्या. ‘तुम्हाला घाम काढायचा की नाही, याचाच आधी विचार करायला हवा,’ हे त्यांचे पहिले वाक्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाचे तेरा स्वेद सांगितले आहेत, तसेच अग्नीवाचून घाम आणणारे दहा प्रकारही सांगितले आहेत, ज्यांत व्यायाम, जाड पांघरूण आणि ऊन यांच्याबरोबर भूक, भीती आणि राग यांचीही गणना होते. (यांतला शेवटचा प्रकार पुढे मला केंद्राच्या काउंटरवर विनामूल्य मिळाला.) मात्र त्याच अध्यायात स्वेदन कोणाला देऊ नये याची यादी आहे, आणि त्या यादीत गर्भिणी, मधुमेही, तहानलेला, भुकेलेला यांच्याबरोबर श्रान्त म्हणजे दमलेला, दुर्बल आणि ओज क्षीण झालेला अशी माणसेही येतात. वैद्यबाईंनी ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. थकव्यावर रामबाण म्हणून ज्या उपचाराची जाहिरात खाली जिन्याच्या तोंडाशी लावली आहे, तो थकलेल्याला देताना हात आखडावा, असे त्या उपचाराच्या मूळ ग्रंथातच लिहिले आहे.

त्यांनी मार्ग काढला तो असा. सर्वांगाला वाफ फार थोडी द्यायची, पेटीत सहा मिनिटांच्या वर बसवायचे नाही. मुख्य भर पाठ आणि पोटऱ्यांवरच्या नाडीस्वेदावर, म्हणजे नळीतून दिलेल्या वाफेवर, ठेवायचा. आणि दोन सिटिंगमध्ये निदान दोन दिवसांचे अंतर राखायचे. माझ्या विनंतीवरून त्यांनी आडवे असताना आणि उभे राहिल्यावर अशी नाडी मोजली. आडवा असताना ७६ आणि उभा राहिल्यावर पाचव्या मिनिटाला १०८. या आजारात अनेकांना असा उभे राहण्याचा त्रास असतो. रक्त पायांकडे साठते, मेंदूला कमी पडते आणि हृदय जोरात धावून ते भरून काढू पाहते. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे हा त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक. ज्या केंद्रात ही मोजणी होत नाही, तेथे या आजाराच्या माणसाने पेटीत पाऊल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष उपचार सांगतो. प्रथम तीळतेलाचे अभ्यंग, साधारण वीस मिनिटे. ते करणारे काका पन्नाशीचे असावेत. त्यांचा हात जड नाही, आणि ‘दाबू का?’ असे प्रत्येक ठिकाणी विचारून मगच ते दाब वाढवत. मला जोराचे मर्दन सोसत नाही, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. त्यानंतर लाकडी पेटी. आत स्टूल, खाली जाळीतून येणारी वाफ, आणि वर गळ्याभोवती पंचा गुंडाळून डोके बाहेर. डोके बाहेर राहत असल्यामुळे श्वास थंड हवेचा घेता येतो, म्हणून बंद खोलीतील स्टीम बाथपेक्षा ही पेटी सोसते. शिवाय काका कपाळावर आणि छातीवर गार पाण्यात भिजवून पिळलेली घडी ठेवत. स्वेदन चालू असताना डोळे झाकावेत आणि हृदयाला शीतल स्पर्श द्यावा, हे चरकातच आहे. तेथे मोत्यांच्या शीतल माळा सुचवल्या आहेत, येथे सुती पंचाची घडी होती आणि तिने काम भागत होते.

खरा उपयोग झाला तो नाडीस्वेदाचा. मोठ्या प्रेशर कुकरमध्ये निर्गुडीचा पाला, एरंडाची पाने आणि दशमुळांचा काढा उकळतो. कुकरच्या शिटीच्या जागी रबरी नळी बसवलेली असते आणि नळीच्या तोंडाला चार पदरी फडके बांधलेले असते. काका ती वाफ आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घेत, मग वीतभर अंतरावरून माझ्या पोटरीवर फिरवत. एका जागी नळी थांबू द्यायची नाही, हे त्यांचे तंत्र. निर्गुडीचा तो उग्र, किंचित कडवट वास आणि तेलावर बसणारी वाफेची ओल यांनी पाचव्या-सहाव्या मिनिटाला पोटरीतला पीळ सुटत जाई, तो अगदी जाणवत असे. शेक कुठे थांबवायचा, यालाही त्यांचे माप होते. हळद शिजवताना काहिलीत जास्त वेळ राहिली तर रंग मरतो आणि कमी राहिली तर गाभा कच्चा राहतो. जुना कारागीर काडी टोचून पाहतो आणि सांगतो की झाले. काकांचा अंगठा पोटरीवर तसाच फिरत असे.

चौथ्या सिटिंगला काका रजेवर होते. नव्या मुलाने पेटी लावली आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. घड्याळ समोर होते, तरी मी हाक मारायला दहा मिनिटे लावली. डोके जड झाले की हे सुचणेच मंदावते. उठून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या मुलाने धरले म्हणून पडलो नाही. जमिनीवर पाय वर करून झोपवल्यानंतरही बोटाच्या यंत्रावर नाडी १२६ दिसत होती. मीठ-साखरेचे पाणी मीच मागून घेतले. त्या रात्री झोप लागली, दुसरा दिवस बरा गेला, आणि तिसऱ्या दिवशी जे अंथरूण धरले ते पाच दिवसांनी सोडले. मुलाचा दोष मी मानत नाही. माझ्या केस पेपरवर ‘सहा मिनिटे’ असे लाल शाईने लिहिलेले होते, पण तो कागद पेटीच्या खोलीत कधी जातच नसे, काउंटरच्या खणात राहत असे.

दुसरी उणीव याहून रोजची आहे. शेक संपल्यावर अंगावर पांघरूण घेऊन पडून राहणे हा उपचाराचाच भाग आहे. जपानमध्ये कागोशिमा येथे डॉ. चुवा तेई यांनी मुख्यतः हृदयरोग्यांसाठी ‘वाओन’ नावाची सौम्य उष्णतेची पद्धत बसवली. तीत ६० अंशांच्या कोरड्या खोलीत फक्त १५ मिनिटे बसवतात आणि नंतर दुप्पट वेळ, म्हणजे ३० मिनिटे, ब्लँकेटमध्ये गुंडाळून निजवतात. गेलेल्या घामाइतके पाणीही पाजतात. हीच पद्धत तेथे क्रॉनिक फटीगच्या दहा रुग्णांना चार आठवडे देऊन पाहिली गेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात थकव्याची जाणीव कमी झाल्याचे नोंदले आहे. दहा माणसे म्हणजे पुरावा म्हणायला फारच थोडी, आणि ती सगळी रुग्णालयात दाखल होती. जिना, रिक्षा, सुट्टे पैसे यांतले त्यांना काहीच करावे लागत नव्हते. तरी उष्णता एक भाग आणि विश्रांती दोन भाग हे त्यांचे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आमच्या केंद्रात विश्रांतीसाठी एकच खाट होती आणि दहा मिनिटांत ‘पुढचे पेशंट आलेत’ असा निरोप येत असे. अंग उबदार आणि कान गरम असताना पौषातल्या गार वाऱ्यात रिक्षा शोधत उभे राहणे, हा त्या उपचाराचा शेवट होऊ शकत नाही. सातव्या वेळेपासून मी दिवसाची शेवटची वेळ मागून घेतली, तेव्हा कोठे पाऊण तास पडून राहायला मिळाले, आणि नोंदवहीत फरकही तेथूनच दिसू लागला.

आता फरक काय पडला ते लिहितो. पोटऱ्यांचे आणि पाठीचे दुखणे शेकानंतर दोन दिवस, क्वचित तीन दिवस, निम्म्याने कमी राहत असे. झोप लागायला एरवी दीड-दोन तास जात. शेकाच्या रात्री अर्ध्या तासात लागत असे. हातापायांचा गारठा त्या संध्याकाळपुरता जाई. मूळ थकवा मात्र जिथल्या तिथे होता. दिवसाला किती चालवते, किती वेळ बसून वाचवते, या दोन रकान्यांत अकरा सिटिंगनंतर आधीच्या महिन्याहून काहीही वेगळे आकडे नाहीत. दुखणे कमी झाले म्हणून एकदा जास्त चाललो आणि त्याची वसुली झाली, ती वेगळीच. शेकाने बरे वाटते तेव्हाच हात राखून वागावे लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे या आजारात शब्दशः खरे आहे.

काउंटरवरच्या भाषेबद्दल मात्र मला कडक लिहावे लागेल. भिंतीवर पाटी आहे की घामावाटे शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात आणि जुनाट थकवा मुळापासून जातो. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातील नको ते निस्तरण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. ज्याला उभे राहिल्यावर रक्त कमी पडते, त्याचे पाणी आणि मीठ घालवून वर अभिनंदन करणे हा उफराटा प्रकार आहे. आणि ‘मुळापासून’ हा शब्द तर या आजाराच्या जवळपासही आणू नये. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत हा आजार बरा करणारे औषध किंवा उपचार आज नाही असे स्वच्छ म्हटले आहे, आणि पूर्वी सर्रास सांगितला जाणारा टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्लाही काढून टाकला आहे. वैद्यबाई खोलीत जे जपून बोलतात, ते बाहेरची पाटी खोडून टाकते.

पॅकेजचेही तसेच. सुटे सिटिंग ९०० रुपये, चौदांचे पॅकेज १०,५०० रुपये, मुदत ४५ दिवस, पैसे परत नाहीत. वैद्यबाई म्हणतात दोन दिवसांचे अंतर ठेवा; काउंटर म्हणतो रोज आलात तरच गुण येतो. मधल्या आजारपणाचे दिवस धरून माझ्या ४५ दिवसांत अकराच बसल्या. उरलेल्या तीन पुढच्या महिन्यात द्या, अशी विनंती केली तर ‘सिस्टिममध्ये तशी सोय नाही’ असे सांगण्यात आले, आणि अग्नीवाचून घाम आणणारा तो वर सांगितलेला प्रकार मला तेथे अनुभवास आला. ज्या आजाराचा धर्मच असा आहे की उद्या कसे असू ते आज सांगता येत नाही, त्याच्या रुग्णाला मुदतीचे पॅकेज विकणे मला योग्य वाटत नाही. कोणी जाणार असेल, तर त्याने सुटे सिटिंगच घ्यावे, जरी दीडशे रुपये जास्त पडले तरी.

तेव्हापासून मी घरीच शेक घेतो, आणि त्याची पद्धत काकांनी निघताना सांगितली तीच आहे. जाडे मीठ दोन वाट्या आणि मूठभर ओवा लोखंडी तव्यावर कोरडे परतायचे, जुन्या सुती धोतराच्या दुहेरी कापडात घालून पुरचुंडी बांधायची, आणि गाठ अशी मारायची की हातात धरायला शेंडा उरेल. आधी मनगटाच्या आत टेकवून पाहायची. तीन मोजेपर्यंत सोसली नाही, तर थांबायचे. एका पोटरीला सात-आठ मिनिटे, आडवे पडूनच, आणि नंतर पांघरूण घेऊन तासभर उठायचे नाही. रबरी पिशवी वापरायची असेल, तर पाणी उकळते नको आणि पिशवीभोवती पंचा हवा. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे, त्यांनी यातले काहीही स्वतःच्या अंदाजाने करू नये; चटका बसल्याचे त्यांना कळतच नाही. होळीनंतर मी शेक बंद करतो. सांगलीच्या चैत्र-वैशाखात स्वेदनाला वेगळी पेटी लागत नाही, आणि या आजारात उन्हाळा एरवीच सोसत नाही.

एकंदरीत, वैद्यबाईंची तपासणी आणि काकांचा हात यांसाठी पाचांपैकी साडेचार गुण द्यावेत. विश्रांतीची सोय, केस पेपरची हेळसांड आणि काउंटर यांसाठी दीड. ज्याला जिना चढवतो, ज्याचे दुखणे थकव्याहून मोठे आहे आणि ज्याच्याबरोबर कोणी तरी घरचे येऊ शकते, त्याने महिन्यातून दोन-तीनदा नाडीस्वेदापुरते येथे जायला हरकत नाही. पेटी घ्यायचीच असेल, तर सहा मिनिटांचा गजर आपल्याच मोबाइलवर लावावा, बरोबरच्या माणसाला पेटीजवळ बसवावे आणि वेळ दिवसातली शेवटची मागावी. ज्याला घरातल्या घरात न्हाणीघरापर्यंत जातानाही भिंत धरावी लागते, त्याने मात्र पुरचुंडीवर भागवावे.

गेल्या आठवड्यात केस पेपरची प्रत आणायला पुन्हा तेथे गेलो होतो. काका भेटले, पोटऱ्या कशा आहेत ते विचारले, आणि हळूच म्हणाले, की आता कागद पेटीच्या खोलीतच खिळ्याला लावून ठेवतात. जिन्याच्या वळणावर खुर्ची अजून आलेली नाही.